काओश्युंगचा महापौर हान कुओ-यू: आधी डोक्यावर घेतला, दीड वर्षात घरी पाठवला, नक्की झालं काय?

धुंडिराज७७
मंडळी, तैवानचं राजकारण फॉलो करणारं कोणी आहे का इथे? झालं असं की तैवानच्या संसदेतल्या हाणामारीचे व्हिडिओ बघत बसलो होतो, तिथे सभापतीच्या खुर्चीवर एक टकलू गृहस्थ दिसले, हान कुओ-यू नाव. म्हटलं बघू कोण आहेत, तर निघाले काओश्युंग शहराचे माजी महापौर, आणि माजी म्हणजे मुदत संपून माजी नाही, लोकांनी मतदान करून काढून टाकलेले. आकडे बघून तर चक्रावलोच. २४ नोव्हेंबर २०१८ ला निवडून आले ८,९२,५४५ मतांनी आणि ६ जून २०२० ला "यांना काढा" म्हणून मतं पडली ९,३९,०९०. म्हणजे आणायला जेवढे आले होते त्याहून जास्त लोक काढायला आले! आणि "राहू द्या" म्हणणारे फक्त २५,०५१. मग ते पावणेनऊ लाख गेले कुठे? घोटाळा केला होता का काही? आणि एवढी नाचक्की झालेला माणूस चार वर्षांत संसदेचा सभापती कसा होतो? मला त्यांचं सगळं करिअर समजून घ्यायचंय, लिंका नकोत, कोणीतरी सरळ मराठीत सांगा.

शिंचूकर
मी तैवानमध्येच असतो (काओश्युंगला नाही, वर शिंचूत, पण इथे टीव्ही चालू असला की हा माणूस दिसतोच). आधी एक गोष्ट क्लिअर करतो, घोटाळा वगैरे काही नाही, त्या कारणासाठी काढलंच नाही त्यांना. आता सुरुवातीपासून सांगतो, लांबण लागेल, सहन करा.

जन्म १९५७, तैपेईला लागून असलेलं बानच्याओ. वडील चीनमधून आलेल्या सैनिकांपैकी, त्यामुळे वाढले लष्करी कुटुंबांच्या वस्तीत. या वस्त्या म्हणजे केएमटीची (क्वोमिनतांग, च्यांग कै-शेकची पार्टी) पक्की व्होटबँक. स्वतः सैनिकी शाळेत शिकले, नंतर इंग्रजी साहित्यात पदवी, एमए वगैरे. १९९० मध्ये तैपेई काउंटीचे कौन्सिलर झाले, आपल्याकडचं जिल्हा परिषद सदस्य म्हणा, आणि १९९३ ते २००२ आमदार, म्हणजे तिथल्या संसदेचे सदस्य. तिथली त्यांची सगळ्यात फेमस कामगिरी म्हणजे १९९३ मध्ये विरोधी पक्षाच्या चेन श्वी-ब्यान यांना सभागृहातच हाणलं, चेन थेट हॉस्पिटलात. हे तेच चेन जे पुढे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे बघा. त्यामुळे तुम्ही जे हाणामारीचे व्हिडिओ बघताय ना त्यात हल्ली सभापती म्हणून "शांत बसा, शांत बसा" करणारा माणूस मुळात त्याच शाळेचा.

२००२ नंतर मात्र जवळजवळ गायबच. मधे चुंगहे नावाच्या गावात थोडे दिवस उपमहापौर, बाकी कोणी विचारत नव्हतं. मग २०१२ च्या शेवटी-शेवटी एक वेगळीच पोस्ट मिळाली, तैपेई कृषी उत्पन्न मार्केटिंग कंपनीचे जनरल मॅनेजर. ही कंपनी म्हणजे आपल्या वाशीच्या एपीएमसीसारखा कारभार, पहाटे भाजी-फळांचा लिलाव, अख्ख्या तैपेईचे भाजीचे भाव तिथे ठरतात. शेअर्स तैपेई महापालिका, केंद्र सरकार आणि शेतकरी संघटनांचे, त्यामुळे तिथे कोण बसणार हे शेतीमालाचं नाही राजकारणाचं गणित असतं. हान यांची बायको युनलिनची, तिकडच्या राजकीय घराण्यातली, ती स्वतः काउंटी कौन्सिलर होती, आणि युनलिन म्हणजे तैवानचा भाजीपाल्याचा पट्टा. आता जोडा दुवे तुम्हीच. पण फायदा काय झाला तर पुढे प्रचारात "मी भाजीविक्या माणूस" ही इमेज फुकटात मिळाली.

२०१७ मध्ये सत्ता डीपीपीकडे (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी, केएमटीची मुख्य विरोधक), या खुर्चीवरून पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी केएमटीच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, सहा उमेदवारांत चौथे, सहा टक्केसुद्धा मतं नाहीत. जिंकले वू तुन-यी. त्यांनी हान यांना पाठवलं काओश्युंगचं पक्ष कार्यालय सांभाळायला. म्हणजे आपल्याकडे एखाद्याला जिथून पक्ष कधीच येत नाही तिथे "संघटन मजबूत करा" म्हणून पाठवतात ना, तसंच. गंमत म्हणजे वू स्वतः काओश्युंगचे शेवटचे केएमटी महापौर, १९९८ ला साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि तिथून पुढे २० वर्षं शहर डीपीपीकडे.

उरलेलं जेवून आल्यावर लिहितो नाहीतर दुसऱ्या कोणीतरी लिहा.

धुंडिराज७७
वा, हेच हवं होतं. पण मग जिथून कधीच येत नाही तिथून दीड लाखाच्या लीडने कसे आले??

सायली_म
शिंचूकर जेवतायत तोवर मी लिहिते. मी मँडरिन शिकत होते तेव्हा २०१८ ची ही इलेक्शन आमच्या लिसनिंग प्रॅक्टिसला होती, कारण हान बोलतात सोपं. आणि तेच त्यांचं भांडवल. बाकी नेते धोरणं सांगत बसायचे, हे म्हणाले "माल बाहेर जाऊ दे, माणसं आत येऊ दे, काओश्युंग मालामाल होऊ दे". झालं. लहान पोरंसुद्धा म्हणत होती.

काओश्युंग समजून घ्यायला हवं आधी. बंदर, पोलाद, जहाजबांधणी, रिफायनरी असं कामगारांचं शहर, दक्षिणेला. १९७९ मध्ये लोकशाहीसाठीचं मोठं आंदोलन इथेच झालं आणि त्यात जेलमध्ये गेलेल्या चेन चू बाई पुढे २००६ ते २०१८ इथल्या महापौर. म्हणजे डीपीपीसाठी काओश्युंग म्हणजे फक्त सत्ता नाही तर घरच. पण वीस वर्षांत घरच्यांनाही कंटाळा येतो. शहरावर कर्ज भरपूर, २०१४ मध्ये जमिनीखालच्या केमिकल पाइपलाइनचा स्फोट होऊन ३२ माणसं गेली ती जखम होतीच, कारखाने चीनला गेले, तरुण मुलं नोकरीसाठी तैपेईला. हान यांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं, "तुमचं शहर म्हातारं आणि गरीब झालंय, तुमची पोरं उत्तरेला वाहून गेली". लोकांना झोंबलं पण खोटं कुठे होतं. वर राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन तेव्हा पेन्शन कपात वगैरेमुळे प्रचंड अनपॉप्युलर, तो राग निघालाच.

प्रचार पण भारी होता, हे मान्य करावं लागेल. "माझ्याकडे पैसे नाहीत, मिनरल वॉटरची एक बाटली मिळेल" असं म्हणत फिरले, टकलावरून स्वतःच विनोद. फंगशान, छिशान आणि कांगशान या तीन ठिकाणच्या सभा, गर्दी बघून डीपीपीवाल्यांची झोप उडाली. आणि आश्वासनं विचारू नका. लव्ह रिव्हरच्या काठी प्रेमाचा आकाशपाळणा, फॉर्म्युला वन रेस, दक्षिण चीन समुद्रातल्या थायफिंग बेटावर तेल काढू, दहा वर्षांत लोकसंख्या ५० लाख करू. तेव्हा होती २७-२८ लाख, आणि तैवानमध्ये जन्मदर जगात तळाला आहे! लोकांना हे कळत नव्हतं असं नाही, पण त्यांना डीपीपीला दणका द्यायचा होता आणि हातात जो दांडका आला तो त्यांनी उचलला. समोर डीपीपीचे चेन ची-माई, डॉक्टर, हुशार, अनुभवी, पण सभेत बोलायला लागले की लोक मोबाइल बघायचे. ७,४२,२३९ वर अडकले.

शिंचूकर
आलो. सायली यांनी मीडियाचं लिहिलं नाही ते ॲड करतो. चुंगथ्येन नावाचं न्यूज चॅनेल तेव्हा चोवीस तास हान हान हान, काही काही दिवस तर आकाशातल्या ढगांचा आकार त्यांच्यासाठी शुभ आहे इथपर्यंत बातम्या. चॅनेलचे मालक चीनमध्ये मोठा धंदा असलेले. नोव्हेंबर २०२० मध्ये नियामकाने त्या चॅनेलचं लायसन्स रिन्यूच केलं नाही. केएमटीवाले म्हणतात गळचेपी, डीपीपीवाले म्हणतात नियम, तो वेगळा धागा होईल.

आता महापौर झाल्यावर. २५ डिसेंबर २०१८ ला लव्ह रिव्हरच्या काठावर शपथ, आणि पहिली रात्र झोपले कुठे तर होलसेल भाजी मार्केटात. सुरुवातीला रस्त्यावरचे खड्डे, तुंबलेल्या गटारी यावर कामं झाली हे त्यांचे विरोधकही थोडंफार मान्य करतात. मार्च २०१९ मध्ये हाँगकाँग, मकाऊ, शेनझेन, शियामेनचा दौरा, फळं-मासे विकायचे करार करायला. पण हाँगकाँगमध्ये ते चीन सरकारच्या संपर्क कार्यालयात आत जाऊन भेटून आले आणि तिथे पहिली माशी शिंकली.

मग मे २०१९ ची ती क्लिप. नगरसेविका ह्वांग जिये, विशीतली मुलगी, तिने सभागृहात विचारलं की तुम्ही जो मुक्त आर्थिक क्षेत्राचा आग्रह धरताय त्यात काओश्युंगला नक्की कशात फायदा? उत्तर, "काओश्युंग मालामाल होणार". परत विचारलं, परत तेच. तिने असे काही डोळे फिरवले की ती क्लिप देशभर व्हायरल. माझ्या मते हान यांचा उतार त्या दिवशी सुरू झाला, कारण प्रचारात जी ओळ मंत्रासारखी वाटत होती तीच महापौराच्या तोंडून उत्तर म्हणून आली की पोकळ वाटायला लागते.

जूनमध्ये हाँगकाँगला लाखोंचे मोर्चे, तैवानी पत्रकारांनी यांना विचारलं तर म्हणाले "माहीत नाही, नीट कल्पना नाही". तैवानमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता हो! आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची केएमटीची उमेदवारी घेतली. समोर फॉक्सकॉनचे टेरी ग्वो होते (हो तीच फॉक्सकॉन, वेदांतासोबत तळेगावला येणार येणार म्हणून गाजलेली), टेलिफोन पोलमध्ये हान साधारण ४५ टक्के आणि ग्वो २८ च्या आत. ऑक्टोबरपासून महापौरपदावरून रजा, प्रचारासाठी.

इथे आहे तुमचं उत्तर धुंडिराज. महापौर होऊन सात महिने नाही झाले तर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. "तुमची पोरं सोडून गेली" असं सांगून मतं घेतलेला माणूस स्वतःच सोडून निघाला.

नानासाहेब_कऱ्हाड
एकतर्फी चाललंय सगळं. मी हान यांचा फॅन नाही पण एक प्रश्न, न्यू तैपेईचे महापौर हो यू-यी, ते पण २०२२ च्या डिसेंबरात शपथ घेतात, २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी घेतात, प्रचारासाठी रजा टाकतात, जानेवारी २०२४ मध्ये हरतात आणि परत येऊन महापौरच्या खुर्चीत बसतात. त्यांना का नाही काढलं? कारण सरळ आहे, काओश्युंग डीपीपीचा गड, गेलेला गड त्यांना परत पाहिजे होता, "रिकॉल" (मुदतीआधीच मतदान घेऊन काढणं) हे निमित्त. चार वर्षांसाठी निवडून दिलाय तर चार वर्षं सांभाळा, आवडला नाही तर पुढच्या वेळी पाडा. असं दर दीड वर्षाने मतदान घेत बसलं तर कोणता महापौर काम करणार?

सायली_म
नानासाहेब, हो यू-यींचा मुद्दा चांगला आहे खरंच, पण हो तोवर एक पूर्ण टर्म करून दुसऱ्यांदा निवडून आले होते, आणि त्याआधी तिथेच कितीतरी वर्षं उपमहापौर. लोकांनी काम बघितलेलं. हान यांच्याकडे दाखवायला काय होतं? आणि आकडे बघा ना, जानेवारी २०२० च्या निवडणुकीत देशभर त्साई ८१,७०,२३१ आणि हान ५५,२२,११९, ते ठीक आहे, पण काओश्युंगमध्येच त्साई जवळपास ११ लाख आणि हान सव्वासहा लाखांच्याही आत. स्वतःच्या शहरात! चौदा महिन्यांपूर्वी ८.९ लाख देणाऱ्या शहरात. ही सगळी डीपीपीची मशिनरी म्हणता येणार नाही. अर्थात डीपीपीने हात धुवून घेतले नाहीत असं मीही म्हणत नाही.

कायदेपंडित_नाही
रिकॉलची प्रोसिजर कोणी सांगितली नाही म्हणून थोडक्यात (वकील नाही, नावातच आहे).

पद घेऊन एक वर्ष होईपर्यंत हात लावता येत नाही. मग पहिली पायरी १ टक्का मतदारांच्या सह्या, दुसरी १० टक्के, आणि मग मतदान. मतदानात "काढा" ची मतं "राहू द्या" पेक्षा जास्त हवीत आणि शिवाय एकूण मतदारांच्या किमान २५ टक्के हवीत. काओश्युंगचे तेव्हा मतदार २२,९९,९८१, म्हणजे हवी होती ५,७४,९९६. पडली ९,३९,०९०. पूर्वी हा कायदा फार कडक होता, निम्म्या मतदारांनी मतदान केलंच पाहिजे आणि रिकॉलचा प्रचार करायलासुद्धा बंदी, त्यामुळे कोणी निघतच नव्हतं. २०१६ मध्ये सैल केला.

आता ते २५ हजारांचं कोडं, ते याच नियमात आहे. "राहू द्या" म्हणून मतदानाला जाण्यापेक्षा घरी बसणं फायद्याचं, कारण खरी लढाई २५ टक्क्यांच्या उंबरठ्याशी. हान यांनी स्वतः समर्थकांना सांगितलं की मत द्यायला जाऊ नका, मतदान केंद्राबाहेर लक्ष ठेवा. म्हणजे जो केंद्रावर दिसेल तो विरोधकच, हा एक दबाव पण तयार होतो, लहान गावात तर जास्तच. पण डाव उलटला. मतदान ४२.१४ टक्के झालं आणि पडलेल्या मतांत ९७ टक्के विरोधात, ते आकडे इतके भयंकर दिसले की त्यांचे समर्थक होते की नव्हते हेच कळेना. तसं नोव्हेंबर २०१९ मध्ये पण त्यांनी असाच डाव टाकला होता, समर्थकांना सांगितलं की पोलवाल्यांचा फोन आला की "मी फक्त त्साईंनाच मत देणार" सांगा, म्हणजे पोल बोगस ठरतील. निकाल आला तो पोलसारखाच.

आणि टपालाने मतदान तिथे नाही, जिथे नाव नोंदलंय तिथे स्वतः जावं लागतं. त्यामुळे तैपेईत शिकणारी, नोकरी करणारी काओश्युंगची पोरं रेल्वेने घरी आली मत द्यायला. कोविडचं वर्ष, तरी.

धुंडिराज७७
म्हणजे "उत्तरेला वाहून गेलेली पोरं" परत आली ती यांना काढायलाच? अरारारा.
कोर्टात नाही गेले का?

कायदेपंडित_नाही
गेले ना. त्यांचं म्हणणं एक वर्ष व्हायच्या आतच सह्या गोळा करायला सुरुवात केली होती, म्हणून थांबवा. कोर्टाने नाही ऐकलं. मुद्दा तसा अगदीच फालतू नव्हता असं मला वाटतं, चळवळवाले खरंच २०१९ च्या मध्यापासून रस्त्यावर होते, फक्त अधिकृत अर्ज वर्ष संपल्यावर टाकला. डिसेंबर २०१९ मध्ये तर एकाच दिवशी त्याच शहरात दोन मोर्चे, एक काढा म्हणणारा, एक हान यांचा.

नानासाहेब_कऱ्हाड
बघा, म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच चुकीचं नाही. आणि पुढचं पण सांगा, ऑगस्ट २०२० ला पोटनिवडणूक, कोण आलं? तेच चेन ची-माई, ७० टक्के मतं. पडलेला उमेदवार पावणेदोन वर्षांत मागच्या दाराने आत.

शिंचूकर
नाना, ७० टक्के मतांना मागचं दार म्हणता तुम्ही :) पण हो, समोर केएमटीची उमेदवार फारच कमकुवत, तिचा एमएचा प्रबंध कॉपी केलेला निघाला, डिग्री सोडून द्यावी लागली. २०२२ ला चेन ची-माई परत आले, ५८ टक्के. मधे जुन्या रिफायनरीच्या जागेवर टीएसएमसीचा चिप कारखाना आला, म्हणजे "मालामाल" व्हायची वेळ आली तेव्हा खुर्चीत दुसरेच.

रिकॉलच्या हत्याराबद्दल मात्र तुमच्याशी थोडा सहमत. हान गेल्यावर केएमटीवाल्यांनी बदला म्हणून त्या डोळे फिरवणाऱ्या ह्वांग जियेवर रिकॉल लावला, फेब्रुवारी २०२१, तिथे "राहू द्या" ला जास्त मतं पडली, वाचली, आणि २०२४ ला आमदार झाली. मग २०२५ मध्ये डीपीपी समर्थकांनी केएमटीच्या आमदारांवर घाऊक रिकॉल लावले, २६ जुलैला २४ आणि २३ ऑगस्टला ७. एकही निघाला नाही, सगळेच्या सगळे वाचले. तेव्हा काओश्युंगमध्ये चाललं म्हणून सगळीकडे चालतं असं नाही, लोकांना नुसता पक्ष आवडत नाही म्हणून काढायचं नसतं, राग माणसावर असावा लागतो.

पाटील_बुवा
अवांतर: आपल्याकडे मुंबई-पुण्याचा महापौर काढायचा म्हटलं तरी काय फरक पडणार, सही आयुक्ताची. अडीच वर्षं, नगरसेवकांनी निवडायचा, हार-तुरे घ्यायचे. तिकडे थेट निवडून येतो आणि खातेप्रमुख स्वतः नेमतो म्हणून एवढा राग आणि एवढं प्रेम. आपल्याकडे त्यातल्या त्यात थेट सरपंच, आणि मध्य प्रदेशात नगराध्यक्षासाठी ते "खाली कुर्सी, भरी कुर्सी" मतदान असायचं तेवढंच.

धुंडिराज७७
@पाटील बुवा, त्यावर वेगळा धागा काढा, मजा येईल. आता शेवटचा प्रश्न राहिला, सभापती कसे झाले?

सायली_म
ते सोपंय. रिकॉल झालेल्याला चार वर्षं त्याच मतदारसंघातून उभं राहता येत नाही, पण आमदार व्हायला मतदारसंघच लागतो असं नाही. ११३ पैकी ३४ जागा पक्षाच्या यादीतून भरतात, आणि २०२४ ला केएमटीने यादीत एक नंबरला हान यांना ठेवलं. काओश्युंगने नाकारलं तरी देशभर त्यांचे कट्टर लोक होतेच, ते ५५ लाख काही हवेत विरले नव्हते, विशेषतः म्हातारे सैनिक, निवृत्त शिक्षक वगैरे. त्या निवडणुकीत बहुमत कोणालाच नाही, केएमटी ५२ आणि सोबतचे २ अपक्ष, डीपीपी ५१, तिसऱ्या पक्षाचे ८. सभापतीच्या दुसऱ्या फेरीत ते ८ जण मतच द्यायला गेले नाहीत, ५४ विरुद्ध ५१, झाले सभापती, १ फेब्रुवारी २०२४. यादीवरच्या आमदाराला रिकॉल लागू नाही, त्यामुळे २०२५ च्या त्या लाटेत त्यांच्यावर अर्ज टाकायचा प्रश्नच नव्हता.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये, हान सभापती असतानाच, रिकॉलच्या सह्यांसोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडायचा नियम संसदेने आणला, म्हणजे काम कटकटीचं केलं. काहीजण तर म्हणत होते की निवडून येताना जेवढी मतं पडली त्याहून जास्त मतं पडली तरच काढा असा नियम करा. तो नियम २०२० ला असता तरी हान गेलेच असते, ४६ हजार मतांनी.

नानासाहेब_कऱ्हाड
हे मात्र मला माहीत नव्हतं. बरं आहे.

शिंचूकर
अजून एक राहिलं. २० मे २०२४ ला लाय छिंग-ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा देशाचे शिक्के त्यांच्या हातात देणारे हे हानच, सभापती म्हणून. लाय हे २०१० ते २०१७ थायनानचे महापौर, म्हणजे काओश्युंगच्या शेजारचं शहर. त्यांचं करिअर अगदी उलट, आमदार, महापौर, पंतप्रधान, उपराष्ट्राध्यक्ष, एकेक पायरी. अर्थात त्यांनीही महापौर असताना महापालिकेच्या सभेत जायलाच नकार दिला होता कितीतरी महिने, सभापती मतं विकत घेऊन झाला म्हणून. तेही लिहिण्यासारखं आहे.

धुंडिराज७७
लिहा की मग. आणि त्या चेन चू बाईंचं पण, १९७९ पासूनचं. मी नवीन धागा उघडून ठेवतो, इथे आता गर्दी झाली.